प्रकल्पाचा अहवाल निर्दोष, नळाचं पाणी दूषित: मधल्या वाटेवर नजर कोणाची?

म्हापशाच्या एका सोसायटीचा प्रश्न थोडक्यात असा. सकाळी दोनेक तास पाणी येतं. पावसाळा लागल्यापासून सुरुवातीची काही मिनिटं ते तांबूस असतं. सोसायटीनं खासगी प्रयोगशाळेत नमुना दिला तर कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित झाल्याची खूण सांगणारे जंतू, निघाले. पाणीपुरवठा कार्यालयात गेल्यावर जलशुद्धीकरण प्रकल्पाचा अहवाल दाखवण्यात आला, त्यात सगळं निर्दोष. मग खरं कोणाचं? आणि उगमापासून नळापर्यंत या पाण्यावर लक्ष ठेवायचं काम नेमकं कोणाचं?

दोन्ही अहवाल खरे असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच. प्रकल्पातून शुद्ध निघालेलं पाणी तुमच्या मीटरपर्यंत येताना बिघडू शकतं. जलशुद्धीकरणात अनेक वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे की गोव्यात सर्वांत दुर्लक्षित भाग प्रकल्प नाही, प्रकल्पाच्या फाटकापासून नळापर्यंतची वाहिनी आहे. तिथं दाब टिकत नाही, क्लोरीन मोजलं जात नाही, आणि मोजलं तरी तो आकडा लोकांना कोणी सांगत नाही.

तरी सुरुवात उगमापासूनच करायला हवी. म्हापशासह बार्देश तालुक्याला पाणी देणारा अस्नोड्याचा प्रकल्प मुख्यतः तिळारीच्या कालव्यावर चालतो. कालवा बंद पडला की आमठाणे धरण आणि पार नदीचा आधार घ्यावा लागतो. तिळारीचं धरण दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिसवाडी आणि फोंड्याला खांडेपार नदीवरचं ओपा, दक्षिणेला साळावली, पेडण्याला चांदेल, सत्तरीला दाबोस. प्रत्येक ठिकाणचं कच्चं पाणी वेगळं वागतं. कालव्याला कुठं भगदाड पडलं आणि रातोरात उगम बदलावा लागला, तर काल ठरवलेली तुरटीची मात्रा आज लागू पडत नाही. पण नळावर बसलेल्या माणसाला उगम बदलला हे कधीच कळत नाही. ते कळायला हवं, म्हणजे त्या दोन-चार दिवसांत पाणी उकळून प्यायचं की नाही हे त्याला ठरवता येईल.

उगमाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं वर्गवारी केली आहे. नेहमीच्या शुद्धीकरणानंतर पिण्यास वापरायचं पाणी ‘क’ वर्गात मोडतं. त्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 4 मिलिग्रॅम, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम आणि 100 मिलिलिटरमध्ये एकूण कोलिफॉर्म 5000 च्या आत असावे लागतात. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याखाली नद्यांचे नमुने घ्यायचं काम राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. पाणी उचलायचं काम दुसऱ्या खात्याकडे, धरण आणि बंधारे जलस्रोत खात्याकडे. नदीच्या वरच्या अंगाला काही सांडलं तर खालच्या पंपघरातल्या माणसाला फोन कोणी करायचा, हे कागदावर लिहिलेलं आणि भिंतीवर लावलेलं असायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2004 साली ‘जलसुरक्षा आराखडा’ म्हणून जी पद्धत पुढं आणली तिचं सार हेच आहे. पाणलोटापासून नळापर्यंत धोका कुठं आहे ते आधी शोधायचं, प्रत्येक धोक्यावर कोण नजर ठेवणार आणि आकडा बिघडला तर त्यानं काय करायचं ते ठरवायचं. शेवटी नमुना तपासणं ही फक्त पडताळणी.

आपल्याकडच्या उगमांना खाणपट्ट्याचाही स्पर्श आहे. लोखंडाची लाल माती सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर बोललं जातं. मँगनीज दिसत नाही. उन्हाळ्यात जलाशयाच्या तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातलं मँगनीज पाण्यात विरघळतं. ते पाणी ग्लासात स्वच्छ दिसतं. क्लोरीन मिसळल्यावर मात्र त्याचं हळूहळू ऑक्सिडीकरण होतं आणि काळपट थर पाइपच्या आत बसत जातो. महिनोन्महिने साचलेला हा थर दाब अचानक वाढला की सुटतो आणि नळातून तपकिरी-काळं पाणी येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे मँगनीज लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आत असावं, पर्यायी स्रोतच नसेल तर 0.3 पर्यंत चालवून घेतलं जातं. यावरचा उपाय धरणापाशी आहे: कोणत्या खोलीवरून पाणी उचलायचं ते ऋतूप्रमाणे बदलायचं आणि गाळणीच्या आधीच ऑक्सिडीकरण उरकायचं.

आता प्रकल्पात येऊ. जुलैमध्ये सह्याद्रीत रात्रभर पाऊस झाला की सकाळी येणारं पाणी चहासारखं असतं. तेव्हा प्रयोगशाळेत जार टेस्ट लावतात. सहा बीकर, प्रत्येकात तेच कच्चं पाणी, तुरटीची मात्रा चढती. आधी पाती जोरात फिरवायची, मग वेग अगदी कमी करायचा. काही मिनिटांत एखाद्या बीकरमध्ये मातीचे बारीक कण एकमेकांना धरू लागतात, टाचणीच्या डोक्याएवढे गोळे होतात आणि फिरवणं थांबवताच खाली बसू लागतात. ज्या बीकरमध्ये वरचं पाणी सर्वांत नितळ राहतं ती मात्रा त्या दिवशीची. पण आपल्या नद्यांची एक अडचण आहे. हे पाणी अतिशय मृदू आहे आणि मुसळधार पावसात त्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, आणखी खाली जाते. तुरटी काम करताना क्षारता खाते. एक मिलिग्रॅम तुरटीला साधारण अर्धा मिलिग्रॅम लागते. म्हणजे गढूळपणा सर्वांत जास्त असतो, तुरटी सर्वांत जास्त लागते, नेमकी तेव्हाच क्षारता सर्वांत कमी असते. पीएच घसरतो आणि गोळेच धरत नाहीत. नवखा ऑपरेटर आणखी तुरटी घालतो आणि पाणी आणखी बिघडतं. तिथं चुना द्यावा लागतो किंवा तुरटीऐवजी पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड वापरावं लागतं. हे जाणणारा माणूस रात्रपाळीला असणं महत्त्वाचं आहे, कारण नदीला पूर दिवसाच येतो असं नाही. प्रकल्पांवरच्या कंत्राटी कामगारांना हे प्रशिक्षण नीट मिळायला हवं, याचा आग्रह मी कायम धरत आलो आहे.

गाळणीतून बाहेर पडताना गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा. मानकात तो 5 पर्यंत चालवून घेण्याची सोय आहे, पण त्या सोयीचा आधार घेऊ नये असं मी म्हणेन. मातीच्या कणाआड दडलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोचत नाही. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहानं धुतल्यावर पहिली काही मिनिटं ती नीट गाळत नाही. ते पाणी सोडून द्यायचं असतं. मागणी जास्त असली की ते टाकीत घेण्याचा मोह होतो. गाळल्यानंतर क्लोरीनला किमान अर्धा तास संपर्क मिळायला हवा. हे सगळं पाळलं तर प्रकल्पाच्या फाटकापाशी घेतलेला नमुना निर्दोष येतो. तुम्हाला दाखवला तो अहवाल बहुधा अशाच नमुन्याचा असणार.

त्या पुढची वाट लांब आहे. अस्नोड्याहून म्हापशाच्या टाकीत, टाकीतून गल्लीतल्या वाहिनीत, तिथून तुमच्या जोडणीत. वाहिनीत पाणी दाबाखाली असेल तोवर गळती बाहेरच्या दिशेनं होते. पाणी वाया जातं, पण आत काही शिरत नाही. दोन तास पुरवठा करून व्हॉल्व्ह बंद केला की वाहिनी रिकामी होत जाते, आत पोकळी तयार होते आणि ज्या फटीतून सकाळी पाणी बाहेर पडत होतं त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात पाइपभोवतीची माती चिंब असते. शेजारी गटार असेल, सोकपीट (सांडपाणी जिरवायचा खड्डा) असेल, तुटलेली मलनिस्सारण वाहिनी असेल, तर ते सगळं आत येतं. दुसऱ्या दिवशी पुरवठा सुरू झाला की पहिला लोंढा घेऊन येतो तो हाच माल. तुमच्या नळाला सुरुवातीला येणारं तांबूस पाणी म्हणजे पाइपचा गंज आणि बाहेरची माती यांचं मिश्रण असण्याची शक्यता मोठी आहे. गंज एक वेळ निरुपद्रवी असेल. मातीबरोबर जे आलं ते नाही.

यात आपणच भर घालतो. दाब कमी म्हणून कोणी वाहिनीलाच थेट मोटर लावतो. ती मोटर त्याच्यापुरतं पाणी खेचते आणि अख्ख्या गल्लीच्या पाइपात उणा दाब तयार करते. एका घरच्या मोटरमुळे शेजारच्या दहा घरांच्या जोडण्यांत गटाराचं पाणी येऊ शकतं. तक्रार करायला संकोच वाटतो, शेजारी आहेत, रोज तोंड बघायचं असतं. पण हा लहान मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, सोसायटीच्या बैठकीत तो स्पष्टपणे मांडायला हवा.

मोठी वाहिनी फुटते तेव्हा हाच प्रकार तालुक्याच्या पातळीवर होतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये खांडेपार-कुर्टी भागात ओपाची मुख्य वाहिनी फुटली आणि तिसवाडी-फोंड्याचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. अशा वेळी सगळ्यांचं लक्ष पाणी कधी येणार यावर असतं. मला काळजी असते ती पाणी परत आल्यानंतरच्या दोन दिवसांची. दुरुस्तीनंतर वाहिनी धुऊन काढणं, जास्त क्लोरीन देऊन ती निर्जंतुक करणं, टोकाच्या नळावर क्लोरीन आणि जंतूंची तपासणी करणं आणि मगच पाणी पिण्यायोग्य जाहीर करणं, ही रीत आहे. रस्ते रुंद करताना, केबल टाकताना, मलवाहिनी घालताना गोव्यात पाइप सतत फुटतात. खणणाऱ्याच्या परवान्यातच ही तपासणी आणि तिचा खर्च घालायला हवा.

म्हणून सगळ्या आकड्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो उरलेल्या क्लोरीनचा. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळावर ते लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवं. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर 0.5. वाटेत घाण शिरली तर क्लोरीन तिच्याशी लढताना संपतं. त्यामुळे टोकाच्या नळावर क्लोरीन शून्य असेल तर एक तर वाटेत काहीतरी शिरलं आहे, किंवा शिरलं तर त्याला अडवायला काही उरलेलं नाही. हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. डीपीडी या रसायनाची गोळी पाण्यात टाकली की क्लोरीनच्या प्रमाणात गुलाबी रंग येतो, तो पट्टीशी ताडून पाहायचा. दोन मिनिटांचं काम. ऑर्थोटोलिडीनचा जुना पिवळा रंगाचा संच कुठं उरला असेल तर वापरू नका, ते रसायन घातक आहे.

तुमच्या खासगी अहवालाबद्दल मात्र एक विचारायचं आहे: नमुना कोणी आणि कसा घेतला? धुतलेल्या मिनरल वॉटरच्या बाटलीत, संपच्या (जमिनीखालच्या टाकीच्या) नळातून घेतला असेल तर त्या अहवालाला कार्यालयात कोणी किंमत देणार नाही, आणि तेही रास्तच आहे. जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्यायची. तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते क्लोरीन तिथल्या तिथं निष्प्रभ करतं. ते नसेल तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतलं क्लोरीन जंतू मारत राहतं आणि खराब पाणीही चांगलं ठरतं. नळाची जाळी काढायची, तोंड ज्योतीनं शेकायचं किंवा स्पिरिटनं पुसायचं, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं, मग बाटलीच्या तोंडाला बोट न लावता भरायची, वर थोडी हवा ठेवायची. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. मीटरच्या लगतचा एक नमुना, संपचा एक, वरच्या टाकीचा एक. तीन बाटल्या घेतल्या की दोष खात्याच्या हद्दीत आहे की सोसायटीच्या, हे लगेच उलगडतं. मानक सांगतं की 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. एकूण कोलिफॉर्मही नकोत, पण त्यातले काही मातीतले असू शकतात. ई. कोलाय सापडले तर मैला मिसळला, तिथं चर्चेला जागा नाही.

आता कायद्याचं. आयएस 10500 हे मानक देशभर प्रमाण मानलं जातं, घरोघर नळ पोचवणारं केंद्राचं जलजीवन मिशनही तेच धरतं, पण नळाचं पाणी पुरवणाऱ्यावर ते कायद्यानं बंधनकारक नाही. बाटलीबंद पाणी 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात येतं. त्यात दोष निघाला तर उत्पादकावर खटला होतो. नळाच्या पाण्याला असं कोणी उत्तरदायी नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, राज्यघटनेनं पाणीपुरवठा राज्याच्या सूचीत ठेवला. म्हणजे राज्याला कायदा करण्यापासून कोणी अडवलेलं नाही. आज पाणी शुद्ध करणारं, वाटणारं, तपासणारं आणि तक्रार ऐकणारं खातं एकच आहे. त्यातली माणसं प्रामाणिक असली तरी ही रचना चूक आहे. इंग्लंडमध्ये 1990 पासून पिण्याच्या पाण्याचं निरीक्षक मंडळ पुरवठादारांपासून वेगळं आहे. अमेरिकेत 1974 च्या कायद्याखाली वस्तीला वर्षभर पाणी देणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक पुरवठादाराला दरवर्षी ग्राहकांना गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. लांब कशाला, 2021 मध्ये ओडिशातल्या पुरीनं नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आणि चोवीस तास देऊन दाखवलं.

गोव्यात घरोघर नळ पोचला, हे मोठं काम झालं. 2022 च्या ऑगस्टमध्ये गोवा ‘हर घर जल’ प्रमाणित होणारं पहिलं राज्य ठरलं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायची तरतूद आहे. पण रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, हा नियम उगमाला पुरेल, रोज रिकाम्या होणाऱ्या वाहिनीला पुरणार नाही. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक झोनच्या शेवटच्या नळावर रोज क्लोरीन मोजावं, ते आरोग्य खात्याच्या माणसानं मोजावं, आणि आकडा त्याच दिवशी पंचायतीच्या फलकावर आणि खात्याच्या संकेतस्थळावर लागावा.

विहिरींचा विषय वेगळा, पण सोडून चालणार नाही, कारण नळ आटला की आपण विहिरीकडे किंवा टँकरकडे वळतो. जांभ्या दगडात पोकळ्या असतात. पाणी गाळलं न जाता वेगानं वाहतं. विहीर आणि सोकपीट यांत 15 मीटर अंतर ठेवा असं पुस्तकं सांगतात. जांभ्यात मला तेवढं पुरेसं वाटत नाही, आणि सोकपीट विहिरीच्या वरच्या उताराला असेल तर नाहीच. दाबोळीजवळच्या माटव्यात 2023 साली विहिरींत पेट्रोलजन्य तेल उतरलं; जमिनीखाली काय कुठवर जातं ते तिथं सगळ्यांनी पाहिलं. 2002 च्या भूजल नियमन कायद्यानं विहिरीची नोंद सक्तीची केली आहे, विक्रीसाठी पाणी उपसायलाही परवानगी लागते. टँकर मागवताना पाणी कोणत्या नोंदणीकृत विहिरीचं ते विचारा आणि पाइप टाकीत सोडण्याआधी क्लोरीन मोजा.

घरची विहीर निर्जंतुक करताना पावडर अंदाजानं फेकू नका. व्यास 3 मीटर आणि पाण्याची खोली 4 मीटर असेल तर पाणी सुमारे 28,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबानं 70 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. बालदीत तिची आधी पेस्ट करायची, मग पाणी घालून ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं. चुना खाली बसला की वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बालदीत ओतून ती विहिरीत सोडायची आणि दोरीनं वरखाली हलवत मिसळायची. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही. तासभर पाणी उपसायचं नाही. रात्री केलं तर उत्तम. पिशवी उघडून महिने झाले असतील तर त्या पावडरीत क्लोरीन उरलेलं नसतं. दमट हवेत ते फार लवकर जातं.

आरओबद्दल बरेच जण विचारतात. आपल्या नदीच्या पाण्यात क्षार मुळातच कमी आहेत, काढायला विशेष काही नाही. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणायला सांगितलं ते याच कारणानं. साधी गाळणी आणि उकळणं, किंवा चांगला यूव्ही, एवढं घरी पुरे. किनाऱ्यालगत किंवा खाजनाजवळ (भरतीच्या खाऱ्या पाण्यालगतची सखल जमीन) विहीर खारी झाली असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या सोसायटीनं आता काय करावं? पुढचे आठ दिवस पिण्याचं पाणी उकळा, खळखळून एक मिनिट पुरतं. संप रिकामा करून भिंती घासा, क्लोरीनच्या पाण्यानं धुवा. त्याचं झाकण जमिनीपासून वर उचललेलं आहे का आणि शेजारच्या सेप्टिक टँकची भिंत ओलसर आहे का, ते बघा. सुरुवातीचं तांबूस पाणी संपात जाऊ नये म्हणून मीटरनंतर एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह बसवून ते बाहेर सोडायची सोय करा, प्लंबरला तासाभराचं काम आहे. त्या पाण्यानं आवार धुवा, झाडांना घाला.

मग माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. तुमच्या झोनमध्ये गेल्या तीन महिन्यांत टोकाच्या नळावर क्लोरीन किती वेळा मोजलं आणि किती आलं, त्या काळात वाहिनी कुठं कुठं फुटली आणि दुरुस्तीनंतर जंतूंची तपासणी झाली का, आणि तुमच्या गल्लीतला पाइप कोणत्या साली टाकला, एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तराची वाट पाहताना पुरवठा बंद असतानाच्या वेळेत रस्त्यावरच्या व्हॉल्व्ह चेंबरचं झाकण कनिष्ठ अभियंत्याच्या उपस्थितीत उघडायला लावा. आत गटाराचं पाणी तुंबलेलं असेल आणि व्हॉल्व्ह त्यात बुडालेला असेल, तर त्याचा फोटो तारखेसह काढून तीन बाटल्यांच्या अहवालाबरोबर आरोग्याधिकाऱ्याकडे द्या.